क्राफ्ट बिअरचे ‘टेस्टिंग’: कडूपणा मोजता, मग अल्कोहोलही मोजा

‘डॉक्टर, दारू अजिबात नाही. कधीतरी बिअर, तेवढीच.’

हे वाक्य मी प्रॅक्टिसमध्ये इतक्या वेळा ऐकले आहे की केसपेपरवर ‘अल्कोहोल – नाही’ असे लिहिण्याआधी हात आपोआप थांबतो. गेल्या आठ-दहा वर्षांत या वाक्याची जरा सुशिक्षित अशी नवी आवृत्ती निघाली आहे. ‘मी तसा पीत नाही. मला क्राफ्ट बिअरची आवड आहे. आम्ही मित्र टेस्टिंग करतो.’ बोलणारा साधारण तिशी-चाळिशीतला, चांगल्या नोकरीतला, जिमची वर्षाची फी भरलेला. कोणत्या बिअरला आंब्याचा वास येतो, कोणत्या बिअरला संत्र्याच्या सालीचा, कडूपणा घशात किती वेळ रेंगाळतो, हे तो दहा मिनिटे रंगून सांगू शकतो. त्याच्या फाइलमध्ये मात्र एसजीपीटी वाढलेले असते, सोनोग्राफीत फॅटी लिव्हर असते आणि युरिक ॲसिड नऊच्या घरात असते. मी विचारतो, ‘शनिवारी एकूण किती मिली झाली? किती टक्क्यांची?’ आणि इतका वेळ धबधब्यासारखा बोलणारा माणूस गप्प होतो.

त्या गप्प होण्यावर आज लिहायचे आहे. मी दारूबंदीवाला नाही. बिअर बनवणे ही कला आहे आणि ती चाखायला शिकणे हेही एक शिक्षण आहे, हे मला मान्य आहे. माझे भांडण ‘टेस्टिंग’ या शब्दाच्या आडोशाने जे चालते त्याच्याशी आहे. ज्या छंदात कडूपणा आकड्यात मोजतात, रंग आकड्यात मोजतात, वासाला गुण देतात, त्याच छंदात शरीरात गेलेले अल्कोहोल मात्र कोणी मोजत नाही. आणि ज्या बिअरचे सर्वांत जास्त कौतुक होते, ती नेमकी सर्वांत तीव्र असते.

ही कडू बिअर म्हणजे नेमके काय

हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी, शंकूसारखी फुले. ही वेल भांगेच्या कुळातली. लगेच घाबरू नका, नशेचा तो पदार्थ हॉप्समध्ये नसतो. फुलांच्या पाकळ्यांच्या मुळाशी पिवळी पूड असते. तिच्यात राळेसारखी कडू आम्ले आणि सुगंधी तेले असतात. धान्याच्या गोड अर्कात हॉप्स टाकून उकळले की ही आम्ले रूप बदलतात, पाण्यात विरघळतात आणि बिअर कडू होते. उकळताना सुगंध बराचसा उडून जातो. म्हणून सुगंधासाठी हॉप्सचा आणखी एक हप्ता उकळणे संपल्यावर, कित्येकदा बिअर आंबत आल्यावर, थंडच टाकतात. याला ड्राय हॉपिंग म्हणतात. आंबा, लिची, पेरू, पाइनच्या झाडाची राळ असले जे वास लोक वर्णन करतात ते बहुतांशी यातून येतात. ते खरे असतात. त्यांच्यावर मी हसत नाही.

कडूपणा मोजायचे एकक आयबीयू. एक आयबीयू म्हणजे ढोबळमानाने लिटरमागे एक मिलिग्रॅम कडू आम्ल. नेहमीच्या फिक्या लागर बिअरमध्ये ते १० ते २० च्या आसपास असते. डबल आयपीए नावाच्या प्रकारात ते ६० ते १०० पर्यंत जाते. या प्रकाराच्या जन्माचे श्रेय बहुधा विनी सिलुर्झो या कॅलिफोर्नियातल्या ब्रुअरला देतात. १९९४ साली ब्लाइंड पिग या छोट्या ब्रुअरीत त्याने अशी बिअर बनवली. पुढे रशियन रिव्हर ब्रुअरीत त्याने केलेली ‘प्लिनी द एल्डर’ ही ८ टक्क्यांची बिअर जगभर गाजली. (नाव पहिल्या शतकातल्या रोमन पंडिताचे. हा गृहस्थ वेसूव्हिअस ज्वालामुखीच्या उद्रेकात गेला. आपल्या नावाने लोक रांगा लावतील हे त्याच्या स्वप्नातही नसणार.)

आता या प्रकारात अल्कोहोल एवढे का? कारण हॉप्स वाढवले की कडूपणा अंगावर येतो. तो तोलायला जास्त माल्ट लागते, म्हणजे जास्त साखर. यीस्ट ती साखर खाते आणि अल्कोहोल वाढते. कडूपणा आणि अल्कोहोल या प्रकारात असे हातात हात घालून चढतात. अमेरिकेतल्या बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅमच्या नियमावलीत डबल आयपीएचे अल्कोहोल ७.५ ते १० टक्के दिले आहे.

‘इंडिया पेल एल’ या नावातल्या इंडियाबद्दलही एक गोष्ट प्रत्येक टॅपरूममध्ये ऐकायला मिळते. इंग्लंडहून भारतात येणाऱ्या जहाजांवर बिअर नासू नये म्हणून ती मुद्दाम कडू आणि खूप कडक बनवली, असे सांगतात. कडूचे खरे; हॉप्समुळे जिवाणूंना आळा बसतो. कडकचे मात्र अतिरंजित आहे. एकोणिसाव्या शतकात कलकत्ता-मुंबईला येणारी ही बिअर सहा-साडेसहा टक्क्यांच्या आसपास असे, आणि त्या काळच्या मानाने ती काही फार कडक नव्हती. साहेब लोक प्यायचे त्याहून तीव्र बिअर आज आपला आयटीतला मुलगा पितो आहे, आणि परंपरेच्या नावाने पितो आहे. आपल्याकडचा एक शब्दही या निमित्ताने सांगून टाकतो. नाशिकजवळच्या देवळालीच्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत गोरे सोजीर महिनोन्महिने पडून असत आणि कंटाळून बिघडत. त्यावरून इंग्रजीत डोके फिरलेल्याला ‘डूलॅली’ म्हणू लागले. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेल्या मायक्रोब्रुअरीने तेच नाव घेतले. नाव ठेवणाऱ्याच्या विनोदबुद्धीला माझी दाद आहे.

पन्नास गुणांची उत्तरपत्रिका

परीक्षक बिअरला गुण कसे देतात हे पाहण्यासारखे आहे. वर सांगितलेल्या संस्थेची गुणपत्रिका ५० गुणांची आहे. वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकूण परिणामाला १०. विचार करून केलेली वाटणी आहे. पण यात अल्कोहोल कुठे बसते ते बघा. ते ‘किती आहे’ यासाठी गुण जात नाहीत. ते ‘टोचते का’ यासाठी जातात. डबल आयपीएमध्ये आठ-नऊ टक्के अल्कोहोल असूनही घशाला जाळ लागला नाही, उग्र स्पिरिटचा वास आला नाही, बिअर सहज उतरली, तर ती चांगली. अल्कोहोल दिसू न देणे हे ब्रुअरचे कसब.

कलेच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. उग्र वास मारणारी बिअर कोणाला हवी? पण डॉक्टर म्हणून मला यात धोका दिसतो, तो असा. व्हिस्कीचा घोट घेतल्यावर घशाला जो चटका बसतो, तो शरीराचा ब्रेक आहे. त्यामुळे माणूस पाणी घालतो, थांबतो, पेग मोजतो. उत्तम डबल आयपीएमध्ये हा ब्रेक काढून टाकलेला असतो. फळांचा सुगंध नाकाला सांगतो की हा सरबतासारखा काही प्रकार आहे, माल्टचा गोडवा जिभेला तेच सांगतो, कडूपणा उरलासुरला अल्कोहोलचा तिखटपणा झाकतो. आणि गार ग्लास तहान भागवल्यासारखा वाटतो. बिअर जितकी सरस, तितके आत काय जाते आहे ते कमी कळते.

जीभ फसते, म्हणून हिशेब वहीत करावा लागतो.

हिशेब

सूत्र सोपे आहे. मिली गुणिले टक्के, भागिले १००, गुणिले ०.८. उत्तर ग्रॅममध्ये. (अल्कोहोल पाण्यापेक्षा हलके असते, म्हणून ०.८.)

आधी नेहमीची मापे. आपल्याकडची व्हिस्की-रम बहुधा ४२.८ टक्क्यांची असते. ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये साधारण १० ग्रॅम, ६० मिलीच्या मोठ्यात २० ग्रॅम अल्कोहोल. आता बिअर. ५ टक्क्यांची ३३० मिलीची छोटी बाटली, १३ ग्रॅम. हीच बाटली ८ टक्क्यांची असेल तर २१ ग्रॅम, म्हणजे एक मोठा पेग. टॅपरूममधला अर्ध्या लिटरचा ग्लास ८ टक्क्यांचा, ३२ ग्रॅम. तीन छोटे पेग. दुकानात मिळणारी ६५० मिलीची ८ टक्क्यांची स्ट्रॉंग बाटली जवळजवळ ४२ ग्रॅम. चार छोटे पेग. ‘एक बिअर’ या दोन शब्दांत १३ ग्रॅमपासून ४२ ग्रॅमपर्यंत काहीही मावते. म्हणून ‘एक बिअर घेतो’ हे वाक्य मला डॉक्टर म्हणून निरुपयोगी आहे.

आता टेस्टिंगची एक संध्याकाळ घेऊ. लाकडी फळीवर पाच छोटे ग्लास येतात, प्रत्येकी १२० मिलीचे. दिसायला खेळण्यातले. सरासरी ७ टक्के धरा. एकूण ६०० मिली, अल्कोहोल सुमारे ३४ ग्रॅम. ‘फक्त चव घेतली’ म्हणेपर्यंत तीन पेग झाले. त्यातली एक आवडली म्हणून तिचा अर्ध्या लिटरचा ग्लास मागवला. आणखी ३२. बेरीज ६६ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा जास्त अल्कोहोल घेण्याला एकाच वेळी झालेले अतिमद्यपान म्हणते. टेबलावरच्या कोणाला तसे वाटले असेल का? शेंगदाणे मसाला आणि पिझ्झा खात, वासांवर चर्चा करत, कोणीही आवाज न चढवता हे झालेले असते.

यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकाली काढते. काळी कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ, यातल्या कशानेही हा वेग वाढत नाही. रात्री आठला सुरुवात केली असेल तर ते ६६ ग्रॅम संपायला पहाटेचे चार वाजतात. मधल्या काळात हा माणूस घरी कसा गेला, हा माझा पुढचा प्रश्न असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार रक्तातली मर्यादा १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅम आहे. सत्तर किलोच्या पुरुषाने रिकाम्या पोटी, तासाभरात अर्धा लिटर डबल आयपीए घेतली तर अंदाजे हिशेब पन्नासच्या आसपास जातो. तोही एकाच ग्लासात. बाईचे वजन कमी असते आणि शरीरातले पाण्याचे प्रमाणही कमी, त्यामुळे त्याच ग्लासात तिचा आकडा आणखी वर जातो. आणि कृपा करून हे सूत्र ‘अजून एक घेऊन गाडी चालवता येईल का’ हे ठरवायला वापरू नका. माणसागणिक फरक पडतो. गाडी असेल तर शून्य.

‘पण डॉक्टर...’

पहिली हरकत आपल्या संस्कृतीतूनच येते. कडू म्हणजे औषधी. पाडव्याला कडुनिंबाची पाने, तापात काढा, शुगरला कारल्याचा रस. त्यामुळे ‘ही कडू बिअर शुगरला चांगली असते ना?’ हा प्रश्न मला खरोखर विचारला जातो. उत्तर: नाही. हॉप्समधल्या काही घटकांवर प्रयोगशाळेत संशोधन चालू आहे हे खरे. झॅन्थोह्युमॉल नावाच्या एका पदार्थाचे नाव व्हॉट्सॲपवर नेहमी फिरते. पेशींवरच्या प्रयोगात तो गुणकारी दिसतो. पण बिअर उकळताना त्याचा बहुतेक भाग दुसऱ्याच पदार्थात बदलतो आणि ग्लासात जे उरते ते अगदी थोडे असते. तेवढ्यासाठी ३२ ग्रॅम अल्कोहोल गिळणे म्हणजे हळदीच्या गुणांसाठी रोज बटाटेवडे खाण्यासारखे आहे.

दुसरी हरकत मुतखड्याची. ‘बिअरने खडा पडतो’ हे महाराष्ट्रातले सर्वांत लाडके वैद्यकीय ज्ञान आहे. बिअरने लघवी जास्त होते, एवढाच त्यातला सत्यांश. लघवी पाण्यानेही होते आणि पाणी स्वस्त आहे. खडा अडकलेला असताना दुखणे दाबायला बिअर पिणाऱ्यांचे हाल मी पाहिले आहेत: उलट्या, अंगातले पाणी कमी झालेले, आणि नशेमुळे वेदनाशामक इंजेक्शन देतानाही विचार करावा लागतो. खडा युरिक ॲसिडचा असेल तर बिअर त्याला खतपाणीच घालते.

‘केमिकल नाही, प्रिझर्व्हेटिव्ह नाही, ताजी असते.’ मान्य. ताजेपणाला या बिअरमध्ये खरोखर किंमत आहे. हॉप्सचा सुगंध आठवड्यांत उडतो, हवा लागली की ओल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो, ऊन लागले की कडू द्रव्ये फुटून वेगळीच दुर्गंधी सुटते, म्हणून तर बाटली तपकिरी असते. पण यकृताला ताजे आणि शिळे अल्कोहोल यांतला फरक कळत नाही. हातगाडीवरच्या देशीतला आणि या सुगंधी ग्लासातला इथेनॉलचा रेणू एकच.

चौथी हरकत मात्र विचारात घेण्यासारखी आहे, आणि ती मी टाळणार नाही. ‘चवीसाठी पिणारा माणूस नशेसाठी पिणाऱ्यापेक्षा कमी पितो. महाग असते, सावकाश प्यावी लागते. माझे स्ट्रॉंग बिअरच्या दोन-दोन बाटल्या रिचवणे क्राफ्टमुळे सुटले.’ हे काही जणांच्या बाबतीत खरे आहे. माझ्याच रुग्णांत असे आहेत. ज्याचे खरेच कमी झाले त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण हे खरे आहे की नाही, हे जिभेवरून ठरत नाही, महिन्याच्या ग्रॅमवरून ठरते. आणि चव हाच हेतू असेल तर एक साधी कसोटी आहे. पहिल्या ८० मिलीत चव पूर्ण कळते. वास, कडूपणा, मागे राहणारी चव, सगळे. उरलेले ४२० मिली कशासाठी? दुसरी कसोटी अधिक बोचरी. हॉप्सचा भरपूर सुगंध असलेली, अर्धा टक्का किंवा त्याहून कमी अल्कोहोलची बिअर आता बनते. परदेशातल्या वाचकांना तर ती सुपरमार्केटमध्ये सहज मिळेल. टेस्टिंगच्या टेबलावर ती मागवून बघा. ‘त्यात मजा नाही’ असे उत्तर आले, तर ती मजा कशाची होती, हे तुमचे तुम्हीच ओळखा.

शरीरात काय होते

गाउटपासून सुरुवात करतो, कारण बिअर आणि गाउट यांचे नाते खास आहे. मध्यरात्री पायाचा अंगठा लाल, सुजलेला, चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. बिअरमध्ये अल्कोहोल तर असतेच, शिवाय प्युरिनही असतात. त्यांचे शरीरात युरिक ॲसिड होते. अमेरिकेत ४७ हजारांहून अधिक पुरुषांचा १२ वर्षे पाठपुरावा केलेला एक अभ्यास २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. रोज एक बिअर वाढली की गाउटचा धोका सुमारे ४९ टक्क्यांनी वाढत होता. रोज एक पेग स्पिरिट वाढले की १५ टक्क्यांनी. वाइनमध्ये ठळक वाढ दिसली नाही. म्हणजे ‘बिअर ही सौम्य’ हा समज इथे थेट उलटा पडतो. तीस-पस्तिशीतल्या मुलाचा अंगठा सुजलेला पाहिला की मी मटण, कडधान्ये यांच्याआधी बिअर विचारतो. बिचारी तूरडाळ विनाकारण बदनाम आहे.

दुसरी गोष्ट मधुमेहींसाठी, आणि ही नीट वाचा. रात्री आपण झोपलेले असताना यकृत रक्तात साखर सोडत राहते. अल्कोहोल पोटात असले की यकृत ते निकाली काढण्यात गुंतते आणि नवी साखर बनवायचे काम मंदावते. तुम्ही ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेत असाल तर पहाटे साखर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम, थरथर, बरळणे, गुंगी. घरच्यांना वाटते, चढली आहे, झोपू द्या. ‘अहो, रात्री जास्त झाली होती त्यांना’ असे म्हणत सकाळी बेशुद्धावस्थेत आणलेला रुग्ण कोणत्याही फिजिशियनला नवा नाही. बिअर प्यायलेला मधुमेही नीट उत्तर देत नसेल तर आधी ग्लुकोमीटर लावा, नशा आहे असे समजू नका. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनीही जास्त अल्कोहोल टाळायचे, कारण रक्तात लॅक्टिक आम्ल साठण्याचा धोका वाढतो.

ॲसिडिटी असणाऱ्यांना वाटते की व्हिस्कीपेक्षा बिअर पोटाला बरी. जठरातले आम्ल स्रवायला बिअर ही स्पिरिटपेक्षा जास्त उद्युक्त करते. त्यावर अर्धा लिटर द्रव, वर गॅस. छातीतली जळजळ हॉप्सच्या कडूपणाची आहे असे समजून बसू नका.

वजनाचे सांगायलाच नको. एक ग्रॅम अल्कोहोल म्हणजे सात कॅलरी. अर्ध्या लिटर डबल आयपीएत अल्कोहोलच्याच सव्वादोनशे कॅलरी होतात, उरलेल्या साखर-पिष्टाच्या वेगळ्या. दोन ग्लास म्हणजे एक जेवण, आणि ते जेवणाव्यतिरिक्त. खारे दाणे आणि मसाला पापड रक्तदाबाचे काम करतात. हॉप्सने झोप छान लागते म्हणतात. अल्कोहोलने झोप लवकर लागते आणि उत्तररात्री मोडते, घोरणे वाढते.

कर्करोगाबद्दल लोक माझ्याकडे अविश्वासाने बघतात. अल्कोहोल असलेली पेये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करतात हे सिद्ध झालेल्या गटात टाकली आहेत. तंबाखूही त्याच गटात आहे. तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांत स्तन. स्तनाच्या कर्करोगाचा धोका रोजच्या १० ग्रॅमलाही थोडा वाढतो. तंबाखू आणि अल्कोहोल एकत्र असतील तर तोंड-घशाचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा जास्त होतो. टॅपरूमच्या बाहेर ग्लास हातात धरून सिगारेट ओढणाऱ्यांनी हे वाचावे. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सरळ सांगितले की सुरक्षित म्हणावी अशी कोणतीही मात्रा नाही. थोडी घेतली तर हृदयाला चांगली, हे आमच्याच पिढीच्या डॉक्टरांनी उदारपणे वाटलेले वाक्य आता मागे घ्यायला हवे.

चाखायचीच असेल तर परीक्षकासारखी चाखा

खरे परीक्षक ग्लास भरून पीत नाहीत. त्यांच्यापुढे ६० ते ९० मिली येते. ग्लास आधी नाकाशी नेतात, कारण सुगंधाचे पहिले क्षण पुन्हा मिळत नाहीत. बिअर बर्फगार नसते; फार गार असली की वास दबतो. सौम्यापासून तीव्राकडे जातात, मध्ये पाणी आणि साधा पाव. दोन-तीन तीव्र बिअरनंतर जीभ बधिर होते, हे त्यांना माहीत असते. तुमचे टेस्टिंग याच पद्धतीने करा. ३३० मिलीची एक बाटली चौघांत वाटली तर प्रत्येकाला ८० मिली येते. ८ टक्क्यांची असली तरी जेमतेम ५ ग्रॅम. अशा दोन बाटल्यांवर संध्याकाळभर वाद घालता येतो, आणि दुसऱ्या दिवशी काय चाखले ते आठवतेही. जेवून बसा. पिचर मागवू नका. पिचरमध्ये ग्लास कधी भरला जातो ते कळत नाही आणि मोजणी तिथेच संपते. फळ्यावर आयबीयू वाचता तसा टक्क्याचा आकडा आधी वाचा. आपल्याकडे बऱ्याच बाटल्यांवर ‘५ ते ८ टक्के’ असा पसरट आकडा असतो. तेव्हा ८ धरा.

टॅपरूमवाल्यांनाही एक सांगणे आहे. सात टक्क्यांच्या पुढची बिअर लहान ग्लासात द्यायची पद्धत परदेशात अनेक ठिकाणी आहे. ती तुम्हीही घ्या. आणि टक्क्यांशेजारी ग्लासमागचे ग्रॅम लिहा. कडूपणाचा आकडा लिहायला जागा होते, तर याला का नाही?

ज्यांनी ८० मिलीही घेऊ नये त्यांची नावे स्पष्ट सांगतो: गर्भवती किंवा गर्भधारणेचा प्रयत्न करणाऱ्या स्त्रिया, लिव्हरचा कोणताही आजार असलेले, स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेले, फिट्सचा आजार असलेले, झोपेच्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या घेणारे, मेट्रोनिडॅझोलचा कोर्स चालू असणारे, आणि ज्यांची दारू एकदा प्रयत्नाने सुटली आहे ते. या शेवटच्या गटाला मित्र आग्रह करतात, ‘अरे, ही दारू थोडीच, क्राफ्ट आहे.’ असा मित्र टाळा.

जे रोज, बऱ्याच प्रमाणात घेतात त्यांनी हा लेख वाचून उद्यापासून एकदम बंद करू नये. हात थरथरणे, घाम, झोप उडणे, भास होणे, फिट येणे हे एकदम थांबवल्यामुळे होऊ शकते आणि त्यात जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधांच्या आधाराने थांबवा. ऑपरेशन ठरले असेल तर भूलतज्ज्ञांना खरा आकडा सांगा, घरच्यांना बाहेर थांबायला सांगून सांगा हवे तर. आणि पुढच्या वेळी लिव्हरचे रिपोर्ट घेऊन याल तेव्हा बाटलीच्या लेबलचा किंवा टॅपरूमच्या फळ्याचा फोटो मोबाइलमध्ये आणा, महिन्यात किती ग्लास झाले ते एका कागदावर लिहून आणा. गुणिले-भागिले आपण दोघे मिळून करू.